नक्कल फसली, नाद उरला

खऱ्या ढोलासारखे वाजत नाही म्हणून बाजाराने नाकारलेली जपानी तालयंत्रे पुढे जगभरच्या लोकप्रिय संगीताचा पाया ठरली. या यंत्रांचे अंतरंग, मुंबईशी जुळलेली त्यांची नाळ आणि वादकांच्या पोटाशी निगडित असलेला एक जुना वाद यांचा हा वेध.

खास प्रतिनिधी

गणेशोत्सवात किंवा गावच्या जत्रेत ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम पाहिलेल्या कोणालाही रंगमंचाच्या कडेला उभा असलेला ऑक्टोपॅडवाला परिचयाचा असतो. पाटासारख्या चपट्या पेटीवर रबराचे आठ चौकोन असतात. त्यांवर छडी पडली की कधी ढोलकी, कधी तबला, तर कधी झांजेचा आवाज उमटतो. 'ऑक्टोपॅड' हे मुळात रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या उपकरणाचे नाव. आपल्याकडे ते त्या जातीच्या सर्वच वाद्यांचे नाव होऊन बसले. विशेष म्हणजे त्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. तो केवळ दुसऱ्या यंत्राला वाजण्याचा हुकूम सोडत असे.

याच कंपनीच्या इतिहासात त्याच्या पाच वर्षे आधीची एक फसगत दडलेली आहे. १९८० मध्ये तिने 'टीआर-८०८' नावाचे तालयंत्र विक्रीस आणले. सुमारे बारा हजार नग तयार झाल्यावर १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आज त्याच यंत्राचा घुमारा अमेरिकेतील हिपहॉपपासून मुंबईतील रॅपपर्यंत सर्वत्र ऐकू येतो आणि मूळ नगासाठी शौकीन पहिल्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम मोजतात. हे उलटे चक्र कसे फिरले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

साथीदाराची जागा घेणारी पेटी

तालयंत्राची कल्पना मुळात साथीदाराच्या अभावातून निघाली. घरी किंवा हॉटेलात एकट्याने ऑर्गन वाजवणाऱ्याला ठेका कोण देणार, हा प्रश्न होता. अमेरिकेतील वुर्लिट्झर या ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीने १९५९ मध्ये 'साइडमॅन' नावाची लाकडी पेटी आणली. आत मोटरवर फिरणारी तबकडी, तिच्यावरील विद्युतस्पर्श आणि आवाज निर्माण करणाऱ्या व्हॉल्व्ह, अशी तिची रचना होती. वॉल्ट्झ, रुम्बा असे नाचाचे ठरावीक ठेके ती देई. लय कमी-अधिक करता येई; पण ठेका स्वतः रचता येत नसे.

जपानमध्ये इकुतारो काकेहाशी या तंत्रज्ञाने हाच धागा उचलला. १९३० मध्ये ओसाकात जन्मलेल्या काकेहाशींचे आईवडील त्यांच्या बालपणीच गेले. तरुणपणी स्वतः क्षयाने ग्रासल्यामुळे त्यांना काही वर्षे रुग्णालयात काढावी लागली आणि तेव्हा नव्यानेच आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले. घड्याळदुरुस्ती, मग रेडिओदुरुस्ती अशा पायऱ्या चढत ते वाद्यनिर्मितीकडे वळले. त्यांच्या पहिल्या कंपनीचे 'रिदम एस' हे तालयंत्र १९६७ मध्ये बाजारात आले. पुढे १९७२ मध्ये त्यांनी रोलँडची स्थापना केली. १९७८ मध्ये आलेल्या 'सीआर-७८' या यंत्रात वापरणाऱ्याला आपला ठेका साठवून ठेवण्याची सोय मिळाली. तयार ठेके वाजवणारी पेटी इथून पुढे रचनेचे साधन बनू लागली.

ठोका कसा घडतो?

टीआर-८०८ च्या दर्शनी भागावर सोळा रंगीत बटणांची ओळ आहे: लाल, नारिंगी, पिवळी आणि पांढरी, प्रत्येकी चार. त्रितालाच्या सोळा मात्रा मनात ठेवल्या तर तिचे कार्य चटकन समजते. पाश्चात्त्य चार मात्रांच्या एका आवर्तनाचे येथे सोळा समान भाग पाडलेले असतात. खर्जाचा ड्रम कोणत्या भागांवर हवा ती बटणे दाबायची, मग स्नेअर निवडून तिच्यासाठी वेगळी बटणे दाबायची, मग झांज. यंत्र आवर्तन फिरवत राहते आणि आपण चालत्या ठेक्यात भर घालत किंवा काटछाट करत जातो. ढोल वाजवण्याचे हस्तकौशल्य नसलेल्या, पण कानाने पक्क्या असलेल्या माणसाला प्रथमच तालाची रचना अशी डोळ्यांसमोर मांडता आली. या यंत्राच्या यशाचे अर्धे श्रेय या बटणांच्या ओळीला द्यावे लागेल.

उरलेले अर्धे आवाजाचे. ८०८ मध्ये कोणत्याही खऱ्या ढोलाचा साठवलेला आवाज नाही. प्रत्येक नाद त्या क्षणी विजेतून जन्म घेतो. देवळातील घंटेला टोल दिला की ती काही काळ घुमत राहते आणि हळूहळू शांत होते. खर्जाच्या ड्रमसाठीचे सर्किट नेमके असेच वागते. विजेचा एक सूक्ष्म धक्का बसताच ते ठरावीक कंपनसंख्येने थरथरते आणि विझते. ते किती वेळ घुमावे हे ठरवणारे एक बटण आहे. ते पूर्ण फिरवले तर ठोका संपतच नाही, खर्जातील एक लांब स्वर बनून राहतो. स्नेअरसाठी अशीच दोन सर्किटे आणि त्यांच्या जोडीला, दोन रेडिओ केंद्रांच्या मधोमध सुई थांबल्यावर येते तशी खरखर वापरलेली आहे. टाळीचा आवाज म्हणजे याच खरखरीचे अतिशय जलद एकापाठोपाठ आलेले तुकडे. झांजेसाठी परस्परांशी न जुळणारे सहा स्वर एकत्र मिसळून त्यातील केवळ वरचा, झणझणीत भाग गाळून घेतला जातो.

त्या झणझणाटामागे एक गंमत आहे. कारखान्यांनी सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर काकेहाशींनी मुद्दाम विकत घेतले होते. त्यांच्यातील खरखर त्यांना हवी होती. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याची पद्धत सुधारली, सदोष माल निघेनासा झाला आणि ८०८ चा एक आवश्यक भागच दुर्मिळ झाला. दोष दूर झाल्यामुळे उत्पादन अडचणीत येण्याचे असे उदाहरण उद्योगाच्या इतिहासात विरळाच.

खऱ्या-खोट्याची कसोटी

त्याच १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी 'एलएम-१' हे तालयंत्र आणले. त्याची पद्धत सर्वस्वी वेगळी होती. खऱ्या ढोलांचे ध्वनिमुद्रण अंकांच्या रूपात चिपवर साठवायचे आणि हवे तेव्हा ते वाजवायचे. त्याची किंमत ४,९९५ डॉलर, तर ८०८ ची १,१९५ डॉलर. लिन यांच्या यंत्रातून प्रत्यक्ष ढोलाचा आवाज येई. ८०८ मधून मात्र 'टुक', 'डुम्म' आणि 'चिस्स' असे काहीतरी परग्रहावरचे ऐकू येई. ध्वनिमुद्रणापूर्वी चालींचे कच्चे आराखडे करण्यासाठी वादक हवा त्या काळच्या व्यावसायिकांना खऱ्याचा भास हवा होता. त्या कसोटीवर ८०८ नापास झाले.

खालचा खर्जाचा 'टीबी-३०३' हे त्याचे धाकटे भावंड. अभियंता तादाओ किकुमोतो यांच्या आराखड्यावरून ते १९८१ च्या अखेरीस आले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. स्वर आणि त्यांची लांबी वेगवेगळी भरावी लागत असल्याने ते वापरायला किचकट, आणि आवाज बेस गिटारच्या जवळपासही जाणारा नव्हता. सुमारे दहा हजार नगांनंतर १९८४ मध्ये तेही बंद झाले.

जुन्या बाजारातून नाचघरात

नापास झालेली यंत्रे कचऱ्यात गेली नाहीत. ती अमेरिकेतील गहाणवटीच्या आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांना स्टुडिओ किंवा वादक परवडत नव्हते अशा तरुणांच्या हाती पडली. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये वाढलेले होते. त्यांना खऱ्या ढोलाची नक्कल नकोच होती. नाचघरातील मोठ्या स्पीकरमधून छातीला जाणवेल असा खर्ज हवा होता आणि तो ८०८ मध्ये तयार होता.

न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बम्बाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांचे 'प्लॅनेट रॉक' १९८२ मध्ये आले. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या गटाच्या सुरावटीला त्यात ८०८ च्या ठेक्याची जोड होती. त्याच वर्षी मार्विन गे यांच्या 'सेक्शुअल हीलिंग'मध्ये हेच यंत्र मृदू, जवळजवळ कुजबुजणारा ताल धरताना ऐकू आले. एकाच पेटीतून असे दोन टोकांचे स्वभाव निघाल्याने तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जपानमध्ये यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने तर ते बाजारात येताच वापरले होते.

टीबी-३०३ ची कथा याहून विलक्षण. शिकागोतील 'फ्यूचर' या तीन तरुणांच्या गटाने एक जुने ३०३ मिळवले. त्याच्या सूचना नीट न समजल्याने यंत्रात आधीपासून असलेली वेडीवाकडी सुरावट तशीच चालू ठेवून त्यांनी वरची बटणे फिरवायला सुरुवात केली. ही बटणे फिल्टरची होती. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी. तिची भोके लहान-मोठी करत गेले की तोच स्वर कधी दबलेला, कधी किंचाळणारा होतो. स्वर न बदलता केवळ त्याचा रंग बदलत राहणारे हे संगीत १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावाने प्रसिद्ध झाले. शिकागोच्या 'म्युझिक बॉक्स' नाचघरात रॉन हार्डी यांनी ते प्रथम वाजवले तेव्हा लोक मंचावरून निघून गेले. त्याच रात्री चौथ्यांदा वाजवले तेव्हा बेभान होऊन नाचले, असा किस्सा त्या गटातील डीजे पिअर सांगतात. 'अ‍ॅसिड हाऊस' ही पूर्ण शैली या एका यंत्रातून निघाली.

दरम्यान १९८३ मध्ये रोलँडने 'टीआर-९०९' आणले. ड्रमचे आवाज सर्किटमधून, तर झांजांचे मात्र साठवलेल्या ध्वनिमुद्रणातून, अशी त्यात मिश्र योजना होती. तेही दोनेक वर्षांत बंद पडले आणि मग डेट्रॉइटमध्ये ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन यांच्या टेक्नो संगीताचा कणा ठरले.

मुंबईत वाजलेले दहा राग

शिकागोच्या तरुणांच्या पाच वर्षे आधी ८०८ आणि ३०३ ही जोडी एका भारतीय वादकाच्या हाती आली होती, हे अनेक वर्षे जगाला ठाऊक नव्हते. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातील गिटार व कीबोर्ड वाजवणारे वादक. सिंगापूरहून आणलेली ८०८, ३०३ आणि रोलँडचाच 'ज्युपिटर-८' हा सिंथेसायजर यांच्या साहाय्याने त्यांनी दहा राग ध्वनिमुद्रित केले. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी या रागांची ही ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनीने १९८२ मध्ये काढली. डिस्को तेव्हा चित्रपटांत जोरात होते. त्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत, इतका साधा विचार त्यामागे होता.

या प्रयोगाला एक तांत्रिक कारणही साह्यभूत झाले. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर तुटक उडी न घेता घसरत जाण्याची सोय आहे. ही सोय म्हणजे आपली मींड, यांत्रिक असली तरी मींडच. पाश्चात्त्य कीबोर्डवर रागसंगीत वाजवताना नेमकी तिचीच उणीव भासते. शिवाय फिरत राहणारी खर्जाची तीच ती सुरावट तानपुऱ्यासारखे अधिष्ठान देते आणि वरच्या सुरांना मोकळे फिरू देते. शिकागोत जे अपघाताने गवसले त्याच्याशी मिळतेजुळते काही सिंग यांना रागाच्या चौकटीतून सापडले होते. 'अ‍ॅसिड हाऊस' मुंबईत जन्मले, असा दावा नंतर काहींनी केला. तो मात्र अतिशयोक्त आहे, कारण या ध्वनिमुद्रिकेचा शिकागोवर प्रभाव पडल्याचे कोठेही दिसत नाही. दोन शहरांतील दोन वेगळ्या परंपरांनी एकाच यंत्राला सारखाच प्रश्न विचारला, इतकेच म्हणता येईल.

तेव्हा ती ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका लहान कंपनीने ती पुन्हा प्रकाशित केली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर सिंग यांना युरोपात कार्यक्रमांची निमंत्रणे आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

परिणाम घडवणारी यंत्रे

तालयंत्रातून निघणारा आवाज कोरडा असतो. त्याला जागा, अंतर आणि वातावरण देण्याचे काम 'इफेक्ट्स' या नावाने ओळखली जाणारी उपकरणे करतात. त्यांचे तीन प्रमुख वर्ग लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला प्रतिध्वनीचा. रोलँडच्या १९७४ च्या 'स्पेस एको'मध्ये चुंबकीय फितीचे एक वेटोळे सतत फिरत असते. एक हेड आवाज फितीवर नोंदवते आणि पुढच्या अंतरांवर बसवलेली तीन हेड तो क्षणभर उशिरा परत वाजवतात. परत आलेला आवाज पुन्हा फितीवर सोडला तर प्रतिध्वनींची मालिका तयार होते. फीत झिजली की आवाज किंचित डळमळतो, आणि आज लोकांना तो डळमळच हवा असतो.

दुसरा घुमाऱ्याचा, म्हणजे रिव्हर्बचा. देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यावर येणारा भरीव घुमारा स्टुडिओत आणण्यासाठी जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ मध्ये एका चौकटीत पोलादाचा मोठा पातळ पत्रा ताणून बसवला. आवाजाने पत्रा थरथरतो आणि ती थरथर टिपून मूळ आवाजात मिसळली जाते. हे अवजड धूड हलवायला चार-पाच माणसे लागत. आज तोच परिणाम मोबाईल फोनवर मिळतो.

तिसरा विकृतीचा. आवाज सर्किटच्या क्षमतेपेक्षा मोठा केला की त्याची टोके छाटली जातात आणि तो फाटका, खरबरीत होतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा निव्वळ दोष. १९६२ मध्ये 'माएस्ट्रो' या नावाने तो पायाने चालू-बंद करता येणाऱ्या डबीत विकायला आला आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ने त्या डबीला घराघरांत पोहोचवले.

ही उपकरणे वाद्यासारखी वाजवता येतात, हे दाखवून दिले ते जमैकाच्या ध्वनिमुद्रकांनी. १९७० च्या दशकात किंग्स्टनमधील किंग टबी आणि ली पेरी यांनी तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकला, ठेका व खर्ज शिल्लक ठेवला आणि त्यावर प्रतिध्वनी व घुमारा यांची पखरण केली. 'डब' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शैलीत मिश्रणफलकासमोर बसलेला तंत्रज्ञ हाच मुख्य कलावंत ठरला.

यंत्रांची समान बोली

१९८० च्या दशकाच्या आरंभी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपलीच भाषा बोले. एकाचा ताल आणि दुसऱ्याचा सूर जुळवणे हे दिव्य होते. काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने परस्परस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि 'मिडी' ही समान पद्धत ठरली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायजर एका तारेने जोडून दाखवण्यात आले. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. अमुक स्वर, अमुक जोराने, आत्ता वाजव, एवढाच निरोप जातो. पहिला ऑक्टोपॅड स्वतः मुका असूनही उपयोगी ठरला तो यामुळेच. मिडी कोणाच्याही मालकीची ठेवली नाही, हा निर्णय सर्वांत दूरदर्शी ठरला. २०१३ मध्ये स्मिथ आणि काकेहाशी यांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये काकेहाशी निवर्तले.

प्रश्न पोटाचा

येथवरची कथा सुखान्त वाटते. तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. १९८२ मध्येच लंडनमधील वादक संघटनेच्या मध्यवर्ती शाखेने सिंथेसायजर आणि तालयंत्रांवर बंदी घालावी, असा ठराव केला. संघटनेचे धोरण म्हणून तो कधी अमलात आला नाही आणि पुढे तो थट्टेचाही विषय झाला. त्यामागची भीती मात्र खोटी नव्हती.

मुंबईने ती प्रत्यक्ष अनुभवली. हिंदी चित्रपटसंगीताचा डोलारा अनेक दशके मोठ्या वाद्यवृंदांवर उभा होता. पाश्चात्त्य स्वरलिपी जाणणारे गोव्याचे व्हायोलिन आणि ट्रम्पेटवादक, पारशी व इतर तालवादक, सतार-सारंगीचे उस्ताद असे शेकडो लोक या कामावर घर चालवत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी त्याला आकार दिला होता. इलेक्ट्रॉनिक वाद्येही या मंडळींनीच आणली. केर्सी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मिनीमूग हा सिंथेसायजर चित्रपटसंगीतात रुजवला तेव्हा तो वाद्यवृंदातला एक नवा रंग होता. १९९० च्या दशकात चित्र पालटले. साठवलेल्या व्हायोलिनच्या आवाजावर कीबोर्डवाला एकटा सारे काम उरकू लागला, सर्वांनी एकत्र बसून वाजवण्याची पद्धत मोडली आणि मोठ्या वृंदाचे काम आटत गेले.

या दोन अनुभवांत एक फरक आहे व तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या व्हायोलिनवादकांचे काम ८०८ सारख्या विचित्र आवाजाच्या यंत्राने गेले नाही. ते खऱ्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्राने गेले. नक्कल जितकी चांगली, तितकी माणसाची गरज कमी. याउलट जे यंत्र नक्कल करू शकले नाही, त्याने कोणाची खुर्ची फारशी घेतली नाही. त्याने पूर्वी नसलेले काम निर्माण केले. अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. नाचघरात ८०८ वाजू लागल्यावर तेथील ढोलवादकाचीही गरज कमी झालीच. तरीही कोणतेही नवे यंत्र समोर आले की ते कोणाची नक्कल करण्यासाठी बनले आहे, हा प्रश्न विचारावा, एवढा धडा या इतिहासातून निश्चित मिळतो. गायकाचा आवाज आणि वादकाची शैली यांची नक्कल करणारी संगणकप्रणाली आज उपलब्ध असताना तर तो अधिकच विचारायला हवा.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. युरोपातून आलेली हार्मोनियम श्रुती आणि मींड दाखवू शकत नाही म्हणून १९४० मध्ये नभोवाणीवर तिला बंदी झाली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. तोवर मराठी रंगभूमीने तिला आपलेसे केले होते. गोविंदराव टेंबे यांच्या बोटांखाली ती सारंगीची नक्कल न राहता 'पेटी' झाली. आज ती परदेशी वाद्य आहे, हे सांगितले तर वारकऱ्यालाही नवल वाटेल.

आजचे चित्र

मूळ ८०८ किंवा ३०३ घरी बाळगणे हा आता श्रीमंती छंद आहे. चार दशकांत कपॅसिटर वाळतात, बटणांत धूळ जाते, सुटे भाग मिळत नाहीत. परंतु त्यांचा आवाज मात्र कधी नव्हे इतका स्वस्त झाला आहे. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीने 'रीबर्थ' ही संगणकप्रणाली काढून ही यंत्रे पडद्यावर आणली. रोलँडने स्वतः २०१४ मध्ये 'टीआर-८' आणले. त्यात जुनी सर्किटे नाहीत, त्यांच्या वर्तनाचे गणित चिपवर सोडवले जाते. इतर कंपन्यांनी खऱ्या सर्किटांच्या स्वस्त प्रतिकृतीही बाजारात आणल्या आहेत. ज्या यंत्राला नक्कल जमली नाही म्हणून हसले गेले, त्याच्याच नकला आता बाजारभर आहेत. संगणकावर संगीत करणाऱ्या तरुणांच्या बोलीत 'एट-ओ-एट' हा शब्द यंत्राचे नाव राहिलेला नाही. लांबवलेल्या, सुरात लावलेल्या खर्जाच्या ठोक्यालाच ते ८०८ म्हणतात.

नव्याने शिकणाऱ्याने जुने यंत्रच हवे असा हट्ट धरण्याचे कारण नाही. मूळ नग आणि चांगली प्रतिकृती यांतला फरक तयार गाण्यात ओळखणे भल्याभल्यांना जड जाते. फरक पडतो तो हाताळणीत. पडद्यावर हजार ठेके तयार मिळतात तेव्हा निवड करण्यातच वेळ जातो. सोळा बटणे आणि मोजके आवाज समोर असले की माणूस रचना करू लागतो.

आपल्याकडील एक तालयंत्र तर आपण यंत्र म्हणून ओळखायचेही विसरलो आहोत. बंगळूरचे जी. राज नारायण यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी घडवलेले इलेक्ट्रॉनिक तानपुरे आणि तबले आज सदाशिव पेठेतील गायनवर्गापासून न्यूजर्सीतील मराठी घरापर्यंत रियाजाला साथ देतात. ताल निवडायचा, लय आणि पट्टी लावायची, आणि ठेका अखंड चालू. मैफलीत मात्र ही पेटी तबलजीच्या जागी कोणी मांडत नाही. समेवर दाद देणारा, गायकाचा श्वास ओळखून क्षणभर थांबणारा साथीदार तेथे हवाच असतो. पहाटेच्या रियाजाला मात्र तबलजी कोणाच्याही दारात उभा नसतो. तेव्हा ती पेटी जवळ असते आणि गाणाऱ्याचे दोन तास सत्कारणी लागतात.